न सापडलेले खनिज : एक प्रस्तावना

खनिज हा शब्द मराठीत ‘खणणे’ या क्रियेपासून आलेला आहे, आणि म्हणून जे खणून निघाले तेच खनिज, अशी या शब्दाची मर्यादा सामान्य वाचकाच्या मनात पक्की बसलेली असते. विसाव्या शतकात मात्र स्फटिकशास्त्राने या मर्यादेबाहेरचा एक वर्ग उभा केला. या वर्गातील पदार्थांचे अणू कोणत्या क्रमाने बसतील, थरांमधले अंतर किती राहील, ते कोणत्या तापमानाला टिकतील आणि कोणत्या दाबाखाली मोडतील, हे सारे गणिताने सांगता येते, परंतु त्यांचा एकही कण अद्याप कोणाच्या हाती आलेला नसतो. अशा पदार्थांना काल्पनिक खनिजे म्हणतात. येथे ‘काल्पनिक’चा अर्थ ‘मनचे’ असा नसून ‘नियमांतून निघालेले पण खडकात अद्याप न पाहिलेले’ असा घ्यावयाचा आहे. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर पुढील विवेचनाचा विपर्यास होईल. काल्पनिक खनिजांतही ज्यांची रचना थरांवर थर अशी असते, ती स्तरित सिलिकेटे या अभ्यासाला सर्वांत सोयीची ठरतात, कारण थरांची जुळणी मोजता येते, आणि जे मोजता येते त्याच्या सर्व शक्यता आधीच लिहून काढता येतात.

हा विषय मराठीत मांडताना त्याची सुरुवात भिवंडीसारख्या ठिकाणापासून करणे सयुक्तिक आहे. यंत्रमागांचे आणि आता गोदामांचे शहर म्हणून ओळखली जाणारी भिवंडी ज्या खडकावर वसलेली आहे तो दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, आणि या पाषाणाच्या पोकळ्यांत स्तरित सिलिकेटांचे जे वैविध्य आढळते त्याला जगात तोड असलेली ठिकाणे फार थोडी आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत गेले. आज त्यांनी व्यापलेले क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीत त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने मागे राहिले, आणि पुढे लाखो वर्षे झिरपत राहिलेल्या गरम पाण्याने खडकातील कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, ॲल्युमिनियम व सिलिका विरघळवून त्या पोकळ्यांत नव्या खनिजांच्या रूपाने आणून ठेवली. खाणीतला कामगार त्या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतो, आणि शास्त्राला त्या एका शब्दात पन्नासाहून अधिक खनिजे दिसतात. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे ही अशाच भूगर्भातल्या पाण्याची आजची, डोळ्यांना दिसणारी वाट आहे. खोल गेलेले पाणी तापून, खडकातले क्षार घेऊन, तानसा नदीच्या काठाशी पुन्हा वर येते. सिलिकेटांच्या निर्मितीला लागणारी सामग्री कोणती, हे ज्याला पाहायचे असेल त्याला लांब जावे लागत नाही.

स्तरित सिलिकेट म्हणजे काय, हे समजण्यासाठी एका आकृतीपासून आरंभ करावा लागतो. सिलिकॉनचा एक अणू मध्यभागी आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार अणू कोपऱ्यांवर अशा मांडणीने जो त्रिमितीय आकार होतो त्याला चतुष्फलक म्हणतात. चार त्रिकोणी बाजू असलेला हा आकार पृथ्वीच्या कवचाची मूळ वीट आहे. दोन चतुष्फलके एका कोपऱ्यावरचा ऑक्सिजन वाटून घेऊन जोडली जातात. प्रत्येक चतुष्फलकाने आपल्या चारपैकी दोन कोपरे शेजाऱ्यांना दिले तर साखळी तयार होते, चारही दिले तर सर्व दिशांना पसरलेला सांगाडा तयार होतो (वाळूतील क्वार्ट्झ आणि झिओलाइट ही त्याची उदाहरणे), आणि तीनच दिले तर एका पातळीत पसरत जाणारी जाळी तयार होते. ही जाळी म्हणजेच स्तरित सिलिकेटाचा मूळ थर होय. अशा दोन थरांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे आयन आणि पाण्याचे रेणू बसतात, आणि थराच्या आतले बंध घट्ट व दोन थरांमधले बंध तुलनेने सैल असल्यामुळे असा पदार्थ पापुद्र्यांनी सुटतो. आयुर्वेदातील अभ्रक, टाल्कम पावडरीतले शंखजिरे, कपबशांची चिनी माती आणि उन्हाळ्यात भेगाळून पावसात फुगणारी देशावरची काळी माती ही सारी याच कुळातील आहेत. काळी माती फुगते ती तिच्यातील माँटमोरिलोनाइटच्या थरांमध्ये पाणी शिरते म्हणून, आणि त्या अर्थाने शेतकऱ्याने या खनिजांच्या थरांचा अनुभव शास्त्रज्ञाच्या कितीतरी आधी घेतलेला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत जो हिरवा दिसतो तोही हिरव्या मातीचा, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत अस्तरासारख्या चिकटलेल्या सेलॅडोनाइट या अभ्रकवर्गीय खनिजाचा रंग आहे.

आता भाकिताचा प्रश्न येतो, आणि येथे गणिताचा पहिला नियम आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. जाळीत प्रत्येक सिलिकॉन तीनच शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, आणि अशा कोणत्याही सपाट जाळीत तयार होणाऱ्या कड्यांची सरासरी सहाच असावी लागते. अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलर याच्या सूत्रातून हे सरळ निघते. सर्वच कडी सहा-सहा चतुष्फलकांची असली तर प्रश्नच नाही, ती अभ्रकाची आणि शंखजिऱ्याची जाळी झाली, मधमाशीच्या पोळ्यासारखी. परंतु सरासरी सहा राखून इतर मांडण्याही करता येतात. चारांची आणि आठांची कडी सारख्या संख्येने घेतली तर सरासरी सहाच येते. पाचांची दोन आणि आठांचे एक असे प्रमाण घेतले तर पाच, पाच आणि आठ मिळून अठरा, भागिले तीन, पुन्हा सहा. बारांचे एक, सहांची दोन आणि चारांची तीन कडी घेतली तरीही बेरीज छत्तीस आणि कडी सहा, म्हणजे सरासरी तीच. ही चौथी मांडणी पायरोस्मॅलाइट या खनिजकुळात प्रत्यक्ष सापडते.

यांतील पहिल्या तीन जाळ्या दख्खनच्या खडकात शेजारी-शेजारी सापडतात, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. ॲपोफायलाइट हे पुणे, जळगाव, राहुरी या भागांतून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले, काचेसारखे चमकणारे, कधी पांढरे तर कधी पोपटी हिरवे खनिज. त्याच्या थरात चार-आठची जाळी आहे, जिच्यात चारांचे एक कडे टोके वर करून आणि शेजारचे खाली करून बसलेले असते. हे १९३१ साली डब्ल्यू. एच. टेलर आणि नाराय-साबो यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. तापवले की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आउई याने त्याचे नाव ग्रीक भाषेतून ठेवले तेही याच गुणावरून. ओकेनाइट हे दुसरे. मुंबईच्या आणि पुण्याच्या खदाणींत ते पोकळीच्या आत कापसाच्या बोंडासारख्या पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात सापडते; त्याचे तंतू इतके बारीक की बोट लागले तर दबून पुन्हा उभे राहत नाहीत, आणि कापूस पिंजणाऱ्या माणसालाही क्षणभर फसवील असे त्याचे रूप असते. त्याच्या थरात पाच-आठची जाळी असते, सोबत साखळ्याही असतात. गायरोलाइट हे तिसरे, कांदिवलीच्या जुन्या खदाणींमुळे प्रसिद्ध झालेले, गोल चकत्या एकत्र वळवल्यासारखे दिसणारे. त्याच्या जाळीत सहांचीच कडी, पण थरांच्या मधल्या जागा इतक्या मोठ्या की त्यांत कॅल्शियम, सोडियम आणि पाणी यांचा स्वतंत्र संसार असतो.

वाघोलीच्या खदाणींतील निळ्याभोर कॅव्हान्साइटचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी यांचे हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरिगन राज्यात सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याचबरोबर अगदी त्याच रासायनिक घटकांचे, पण वेगळ्या रचनेचे पेंटागोनाइट हेही वर्णिले गेले. कॅव्हान्साइटची जाळी चार-आठची आणि पेंटागोनाइटची सहांची; घटक तेच, प्रमाण तेच, पाणीही तेवढेच, फक्त चतुष्फलकांनी हात धरण्याची रीत वेगळी. जगातील सर्वांत देखणे नमुने नंतर पुण्याजवळच्या वाघोलीने दिले. एकाच रसायनाला दोन जाळ्या शोभतात हे एकदा सिद्ध झाल्यावर तिसरी जाळी का शोभू नये, हा प्रश्न टाळता येत नाही. पाच आणि सात यांची कडी सारख्या संख्येने घेतली तरी सरासरी सहा येते. अशी जाळी कागदावर सहज काढता येते, तिच्यात कॅल्शियम व पाणी बसवता येते, आणि तिच्या स्थैर्याचा हिशेब करता येतो. काल्पनिक स्तरित सिलिकेट ज्याला म्हणतात ते नेमके अशा ठिकाणी जन्माला येते.

भाकिताची दुसरी वाट जाळीच्या आकाराची नसून थर रचण्याच्या पद्धतीची आहे, आणि ती समजायला भिवंडीचे उदाहरण फार सोयीचे पडते. मागावरून उतरलेला ताका गोदामात दुसऱ्या ताक्यावर ठेवला जातो तेव्हा कापड तेच असते, ताणा आणि बाणा तोच असतो, परंतु प्रत्येक ताका खालच्यावर नेमका सरळ ठेवायचा, की दर वेळी थोडा वळवून, की एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, यावर रास कशी दिसेल हे ठरते. अभ्रकाचे थरही असेच एकमेकांवर बसतात. सहा कोपऱ्यांच्या कड्यांमुळे एक थर दुसऱ्यावर ६० अंशांच्या पटीतच वळून बसू शकतो, मधल्या कोनाला जागा नसते. १९५६ मध्ये जे. व्ही. स्मिथ आणि एच. एस. योडर यांनी हा विचार शेवटपर्यंत नेला आणि वळणाचा एकच नियम सातत्याने पाळला तर अभ्रकाच्या साध्या राशी सहाच प्रकारच्या होतील असे दाखवले. त्यांतील काही प्रकार तोपर्यंत ओळखीचे होते. पण प्रत्येक थर आधीच्यावर १८० अंशांनी उलटा बसवलेली रास मात्र निसर्गात कोणी पाहिलेली नव्हती.

ती सापडली श्रीलंकेत, एका लोहयुक्त बेरियम अभ्रकात. १९६७ मध्ये वर्णन झालेल्या त्या खनिजाला अनंडाइट हे नाव देण्यात आले ते आनंद कुमारस्वामी यांच्या स्मरणार्थ. भारतीय कलेचे भाष्यकार म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतो त्याच कुमारस्वामींनी तरुणपणी सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे पहिले संचालक म्हणून काम केले होते. कागदावर १९५६ मध्ये लिहिलेली रास खडकात मिळाली, आणि तिच्यावर नाव कोरले गेले ते एका कलामीमांसकाचे. विज्ञानाच्या इतिहासात असे योग विरळ येतात.

भाकिताची आणखी मार्मिक उदाहरणेही आहेत. लायनस पॉलिंग याने १९३० मध्ये अभ्रक आणि क्लोराइट यांच्या रचना उलगडताना एक अडचण मांडली: चतुष्फलकांच्या थराची नैसर्गिक रुंदी सुमारे ९.१५ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), आणि त्याला चिकटणाऱ्या मॅग्नेशियमच्या थराची सुमारे ९.४, मग हे दोन थर एकाच बाजूने जोडले तर मोठा थर लहान थराला वाकवील, जशी दोन वेगळ्या ताणांनी विणलेली पट्टी मागावरून उतरताच गुंडाळी होते. वीस वर्षांनी, १९५० च्या सुमारास, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली क्रिसोटाइल या ॲस्बेस्टॉसचे तंतू पाहिले गेले तेव्हा ते खरोखरच नळ्या निघाले. तसेच हार्वर्डच्या जे. बी. थॉम्प्सन यांनी १९७० मध्ये पायरॉक्सीन या साखळीच्या सिलिकेटाचे काप आणि अभ्रकाचे काप आलटून पालटून जोडले तर कोणकोणत्या रचना संभवतात याचा हिशेब केला. दोन अभ्रककापांमागे एक पायरॉक्सीनकाप असलेली रचना त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हती. काही वर्षांतच डेव्हिड व्हेब्लेन आणि चार्ल्स बर्नहॅम यांना ती अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, चेस्टर येथील शंखजिऱ्याच्या खाणीत मिळाली आणि तिला जिमथॉम्प्सनाइट हे नाव मिळाले. तेथेच सापडलेले दुसरे, अधिक गुंतागुंतीचे मिश्रण चेस्टराइट म्हणून ओळखले जाते. दोन्ही खनिजे साखळी आणि थर यांच्या मधल्या सीमेवर उभी आहेत, आणि सीमेवर काय असू शकते हे ज्याने आधी लिहून ठेवले तोच ते पाहून ओळखू शकला.

जाळी आणि रास यांची मोजदाद झाली तरी एक प्रश्न उरतोच, की कागदावर शक्य असलेल्या रचनांपैकी कोणती टिकेल. याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबातून मिळते. प्रत्येक अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची घनता किती व कशी, एवढे कळले तर त्या रचनेची एकूण ऊर्जा काढता येते, हा विचार वॉल्टर कोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये मांडला आणि त्यासाठी कोन याला १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज संगणक अशा हिशेबाने रचना स्वतःच सुचवतो. मात्र ऊर्जा कमी असणे ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही, आणि अतिउत्साही लेखनात नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. झिओलाइटांच्या बाबतीत संगणकाने २६ लाखांहून अधिक सांगाडे काढून दाखवले, आणि निसर्ग व प्रयोगशाळा यांनी मिळून त्यांपैकी अवघे अडीचशेच्या आसपास प्रत्यक्षात आणले. पाणी हवे, योग्य आयन हवेत, वेळ हवा, आणि मुख्य म्हणजे आधी तयार होणाऱ्या स्पर्धक खनिजाने सगळी सिलिका संपवून टाकलेली नसावी.

फार खोलवरच्या थराचे एक उदाहरण येथे ओझरते नोंदवणे पुरे. पृथ्वीच्या सुमारे २,७०० किलोमीटर खोलीवर, वातावरणाच्या १२ लाख पटीहून अधिक दाबाखाली, मॅग्नेशियम सिलिकेट स्तरित रूप धारण करते, हे २००४ मध्ये प्रयोग आणि गणना या दोन्ही वाटांनी एकाच वर्षी पुढे आले. तेथे सिलिकॉनला चार नव्हे तर सहा ऑक्सिजन वेढतात आणि थर अष्टफलकांचे बनतात. त्याचा नैसर्गिक नमुना कोणाच्याही हाती नाही, म्हणून त्याला खनिजाचे नावही नाही. त्याच्या वरच्या पट्ट्यातील, स्तरित नसलेले ब्रिजमनाइट हे पृथ्वीतील सर्वाधिक विपुल खनिज. परंतु उल्केत त्याचा कण मिळेपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, तेही निनावीच होते. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेल्या उल्केत ब्रिजमनाइट आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अशा रीतीने पाताळातले खनिज महाराष्ट्राच्या वाट्याला आभाळातून आले.

नावाचा हा नियम काटेकोर आहे आणि तो योग्यही आहे. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेचा आयोग नैसर्गिक नमुना, त्याचे रासायनिक विश्लेषण आणि रचनेचा पुरावा पाहिल्याशिवाय नव्या खनिजाला मान्यता देत नाही. अशी मान्यता मिळालेली खनिजे आज सुमारे ६,००० आहेत. खनिजांच्या वितरणाचा सांख्यिकी अभ्यास करून रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असा अंदाज मांडला की दीड हजारांहून अधिक खनिजे पृथ्वीवर असूनही तोपर्यंत अज्ञात होती. ती कोठे असतील याचा विचार करताना जेथे मुळातच विविधता जास्त, पोकळ्या अगणित आणि पाण्याचा खेळ दीर्घकाळ चाललेला, असे प्रदेश पुढे येतात. दख्खनचा पठारी प्रदेश आणि कोकणचा पायथा त्यांत अग्रभागी असणारच.

या विषयाचा भिवंडीशी असलेला सर्वांत जवळचा संबंध मात्र खडकात नसून गोदामांच्या काँक्रीटमध्ये आहे, आणि तो कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचा जो चिकट पदार्थ तयार होऊन वाळू व खडीला बांधून ठेवतो, तो गायरोलाइट आणि ओकेनाइट यांचाच चुलतभाऊ आहे: कॅल्शियम-ऑक्सिजनचे थर, त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटलेल्या सिलिकेटांच्या साखळ्या, आणि मध्ये पाणी. काटेकोर अर्थाने येथे पूर्ण जाळी नसते, साखळ्याच असतात आणि त्याही मध्येच तुटलेल्या. परंतु रचना थरांचीच. अडचण अशी की या पदार्थाचे स्फटिक इतके लहान आणि विस्कळीत असतात की क्ष-किरणांना त्यांचा स्पष्ट ठसा घेता येत नाही. म्हणून एच. एफ. डब्ल्यू. टेलर यांनी १९८६ मध्ये टोबरमोराइट या नैसर्गिक खनिजावरून त्याची प्रस्तावित रचना मांडली. टोबरमोराइट हे नाव स्कॉटलंडच्या मल बेटावरील टोबरमोरी गावावरून १८८० मध्ये पडले. २००९ मध्ये पेलेंक आणि सहकाऱ्यांनी टोबरमोराइटच्या संगणकीय प्रतिमेतून सिलिकाचे काही तुकडे काढून टाकले, रिकाम्या जागी पाणी भरले, अणूंना गणिताने स्थिर होऊ दिले, आणि जी रचना हाती आली तिची घनता प्रति घनसेंटीमीटर सुमारे २.६ ग्रॅम निघाली, जी प्रत्यक्ष मोजमापाशी जुळणारी होती. म्हणजे जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मानवनिर्मित पदार्थाचा गाभा आजही मुख्यतः सिद्धांताच्या डोळ्यांनीच पाहिला जातो, आणि माणकोली व काल्हेरच्या परिसरात उभी राहिलेली मैलोन्‌मैल गोदामे एका अर्धवट भाकीत केलेल्या स्तरित सिलिकेटावर उभी आहेत. काँक्रीटचे आयुष्य, त्यातून पाणी किती झिरपेल, लोखंडी सळई किती वर्षांत गंजेल, याचे उत्तर या थरांमधल्या काही अँगस्ट्रॉमच्या जागेत दडलेले आहे. ज्यांना हा विषय निरुपयोगी वाटतो त्यांनी एवढा एक मुद्दा विचारात घ्यावा.

निसर्गाने या कुळातले पदार्थ पोकळीत आणि माणसाने साच्यात बनवले, यात फरक मुख्यतः उष्णतेचा आणि वेळेचा आहे. बंद भांड्यात बाष्पाच्या दाबाखाली, साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला, प्रयोगशाळेत गायरोलाइट तयार करता येते. त्याहून थंड परिस्थितीत रचना विस्कळीत राहते आणि अधिक तापले की थरांतले पाणी कमी होऊन ट्रस्कोटाइटसारखी जवळची खनिजे बनतात. या कुळाच्या रचनांचे गणित इटलीतील पिसा येथील स्तेफानो मेर्लिनो यांनी मांडले. १९८३ मध्ये ओकेनाइट आणि १९८८ मध्ये गायरोलाइट यांच्या रचना त्यांनी उलगडल्या आणि एकच प्रकारचे थर वेगवेगळ्या क्रमाने लावले असता कोणती सदस्ये संभवतात याची चौकट तयार झाली. त्या चौकटीतल्या रिकाम्या जागा हीच पुढच्या शोधाची यादी आहे. आर. एन. सुखेशवाला आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवल्याप्रमाणे किनाऱ्याकडून देशाकडे जाताना पोकळ्यांतील खनिजांचे पट्टे बदलत जातात, कारण लोटांच्या राशीत खोली आणि उष्णता यांचा क्रम बदलत जातो. ठाणे, कल्याण, भिवंडीचा पट्टा यात किनाऱ्याकडच्या, म्हणजे अधिक तापलेल्या बाजूला येतो. अधिक तापलेल्या पाण्यात तयार होणारी कॅल्शियमची स्तरित सिलिकेटे शोधायची तर याच पट्ट्यात शोधायला हवीत.

आणि हा पट्टा रोज फुटतो आहे. ज्या पाषाणात लोनाडची लेणी प्राचीन काळी हाताने कोरली गेली त्याच पाषाणात आज सुरुंग लागतात, दगड डंपरमधून क्रशरवर जातो आणि काही तासांत त्याची खडी होते. खडीपासून काँक्रीट, काँक्रीटपासून गोदाम. पोकळी फुटल्यावर आत चमकलेले जे काही असेल ते कामगाराच्या दृष्टीस एक क्षण पडते. मोठा, देखणा स्फटिक असला तर तो बाजूला ठेवला जातो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासारख्या ठिकाणी जे पाहायला मिळते ते अशाच वाचलेल्या दगडांमुळे. परंतु ज्या भाकीत खनिजांचा येथे विचार केला आहे ती देखणी असण्याची शक्यता कमीच. ती असतील पांढऱ्या भुकटीसारखी, राखाडी पापुद्र्यासारखी किंवा गायरोलाइटच्या दोन चकत्यांमधल्या मळकट रेघेसारखी, आणि अशा गोष्टींना गिऱ्हाईक नसते. जिमथॉम्प्सनाइटचे काही भाग केसाएवढ्या रुंदीचेही नव्हते. संगणकाने सांगितलेल्या रचनेचा क्ष-किरणांतला ठसा कसा दिसेल हे आज आधीच काढून ठेवता येते. उणीव आहे ती तुलनेसाठी लागणाऱ्या, ठिकाणाची नोंद असलेल्या नमुन्यांची. नमुना कोणत्या खदाणीतला, कोणत्या लोटातला, पोकळीत त्याच्या आधी आणि नंतर काय बसलेले होते, ही माहिती नसेल तर अत्यंत दुर्मीळ खनिजही एक अनाथ दगड होऊन बसते.

म्हणून ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील खदाणमालक, क्रशरवर काम करणारे, भूगोल व भूशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि सुटीत डोंगरात जाणारे विद्यार्थी यांना येथे एक विनंती आहे. पोकळी फुटलेली दिसली तर चमकणारा स्फटिक अवश्य घ्यावा, पण त्याच्याखालची भुकटी आणि अस्तराचा पापुद्राही एका लहान डबीत ठेवावा, डबीवर गाव, खदाण, तारीख आणि जमिनीपासूनची खोली लिहावी, आणि ती डबी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे पोहोचती करावी.